शांतीकडे छबू, माझ्याकडे बकरी

शांतीला छबू मिळाली आणि मला बकरी. इतकी वर्षं झाली, दात पडले, चष्म्याच्या नंबरापुढं डॉक्टरनं हात टेकले, तरी त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की पहिलं वाक्य हेच येतं. त्याला मी काय करू? आमच्या घरी कापूस भरून झाला की बाबा सगळ्यांना ओसरीवर ओळीनं बसवायचे आणि कामं वाटून द्यायचे. आग लागली तर कोणी काय उचलायचं, कोणत्या दारानं निघायचं, बाहेर कुठं जाऊन उभं राहायचं. मायकडे पत्र्याची पेटी. तिच्यात रेशनकार्ड, शेताचे कागद, बुद्धाची वीतभर मूर्ती आणि फुटाणे-खारोड्यांचा डबा. पाणी, रेती आणि कापूस ओढायचा लोखंडी आकडा बाबांकडे. आणि त्या वर्षी, मी घरातली पोटची थोरली, वर्गात पहिल्या पाचात आलेली पोरगी समोर बसलेली असताना, माझी अडीच वर्षांची बहीण छबू बाबांनी शांतीच्या हवाली केली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुष्पे, तू बकरी सोडजो."

ज्यांनी कापूस फक्त कपड्यात पाहिला त्यांना हे थोडं सांगावं लागेल. आमचं गाव उंद्रीच्या अलीकडं. वेचून आणलेला कापूस विकायची वेळ येईपर्यंत घरातच भरून ठेवायचा, ही सगळ्यांचीच रीत. आमचं घर तीन खोल्यांचं, मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे. त्यातली टोकाची खोली दिवाळीपासून थेट होळीपर्यंत कापसाची. पत्र्याला टेकेल एवढा पांढरा ढीग, आणि उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. भाकरीत कापूस, वेणीत कापूस, पाण्याच्या गुंडात कापूस. लाल किडे अंथरुणात यायचे, अंगाला खाज सुटायची, आणि सरकीचा तेलकट वास कपड्यांना इतका बसायचा की शाळेत कोणाच्या घरी कापूस भरलाय ते नाक सांगायचं. माय या दिवसांत चूल उचलून अंगणात न्हाणीच्या पलीकडं मांडायची. थंडीच्या वाऱ्यात ती कळण्याच्या भाकरी थापायची, तुरीच्या सोल्यांची भाजी रटरटायची, आणि आम्ही गोधड्या पांघरून चुलीभोवती बसायचो. तसली भाजी आता माझ्या गॅसवर काही केल्या होत नाही. सुनेला वाटतं सासू उगाच नावं ठेवते. ठेवते तर ठेवते.

बाबांनी तरुणपणी नांदुऱ्याच्या एका जिनात सरकी काढण्याच्या यंत्रावर बरीच वर्षं काढली होती. तिथं त्यांनी कापसाची आग पाहिली. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत आकसलेली होती, तेवढंच दिसायचं. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, "कापसाची आग वरून इझते, अंदर धुमसत राह्यते. इझली म्हणून पाठ फिरवू नोको." घरात कंदील बंद, चिमणी बंद, फक्त बॅटरी. पाहुणा आला की बिडी फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायची, मग तो मामा असो की सोयरा. दारामागं ओल्या पोत्यांची थप्पी, रेतीचे दोन पिंप, भरलेला रांजण. आणि थाळी. आम्ही जेवत असू, अभ्यास करत असू, माय छबूला न्हाऊ घालत असो, बाबा अचानक काशाची थाळी बडवायला लागत. थाळी वाजली की हातातलं टाकून आपापलं काम उचलायचं आणि मागच्या दारानं चिंचेखाली जायचं. तिथं बाबा नावं घेणार, आपण ओ द्यायची. एकदा बाहेर पडलं की परत आत जायचं नाही, सोनं राहिलं तरी नाही. साबण लागलेली छबू शांतीच्या काखोटीला, माय पेटी डोक्यावर घेऊन धावतेय, आणि मागं मी बकरी ओढतेय. सारी गल्ली पोट धरून हसायची. शेजारची सखूकाकू म्हणायची, "श्रावणदादाच्या घरी आग लागाच्या आधीच इझोतात बाप्पा!"

आता शांती. ती माझी मावसबहीण, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिची माय गेली, बाप दुसरं घर करून दूर निघून गेला, आणि अमडापूरच्या काकानं तिला गुराढोरांत जुंपली. माझी माय एकदा तिला भेटायला गेली आणि परत येताना हाताला धरून घेऊनच आली. काकाला फक्त एवढं म्हणाली, "माह्या बहिणीची आहे. माह्या घरी राहीन." तेव्हा मला आनंदच झाला होता, हे मी शपथेवर सांगते. आठ दिवस टिकला. मग माझ्या लक्षात यायला लागलं की शांतीची भाकर गोल होते आणि माझी नकाशासारखी. शांती मायच्या आधी उठते. शांतीचे केस दाट, म्हणून माय तिची वेणी घालताना वेळ लावते, आणि माझी पाठ मात्र दोन धपाट्यांत मोकळी. "बिनमायचं लेकरू आहे, पुष्पे," माय मला समजवायची. मला वाटायचं, मग मी काय करू, माझी माय मेली नाही, हा का माझा गुन्हा? असलं काहीतरी मनात यायचं, आणि मग मीच घाबरून आतल्या आत गाल चावायची.

त्यात छबू. ही कार्टी जन्मली तेव्हा तिचे लंगोट मी धुतले, झोळीला झोके मी दिले, आणि शांती येऊन चार महिने झाले नाहीत तोच ती "सांती, सांती" करत तिच्या मागं. मी हाक मारली तर मान फिरवायची. शांतीनं नुसतं "ये छबे" म्हटलं की असेल तिथून टाकोटाक. बाबांनी छबू तिला दिली ती याच कारणानं, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मी घरची थोरली आहे. मले बकरी काऊन?" बाबा म्हणाले, "लेकरू शांतीच्या हाकेवर येते. आगीच्या टायमाले थोरली-धाकटी नसते पाह्यत." बाबांचं चुकलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मग मी ते केलं. शांती पाण्याला गेली की मी छबूला फुटाणे द्यायची आणि खेळ शिकवायची. "शांती आली की काय करायचं? लपायचं!" पहिल्यांदा दाराच्या पल्ल्यामागं लपवली. शांतीची हाक यायची, छबू तोंडावर दोन्ही हात दाबून हसू आवरायची, मी फुटाणा द्यायची. दोन दिवसांत पक्कं झालं. शांती जितकी हाक मारी तितकी छबू घट्ट बसे. पुढच्या थाळीला सगळे चिंचेखाली, मी तर बकरी घेऊन सर्वांच्या आधी, आणि शांती आत "छबे, छबे" करत फिरतेय. शेवटी ती पोरगी घेऊन आली तेव्हा बाबांच्या कपाळावर आठी होती. "लेकरू भेटाले इतका टाइम?" ते म्हणाले. शांतीनं मान खाली घातली. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या थाळीला छबू बाजेखाली. तोपर्यंत शांतीला कळलं होतं. विहिरीवर तिनं मला गाठलं, घागर खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "पुष्पे, तिले असं नोको शिकवू वं. खरंच काही झालं त?" ती रागावली असती, झिंज्या धरल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो समजूतदारपणा मला डोळ्यांसमोर नको होता. मी म्हटलं, "तुले लेकरू सांभाळता येत नसन त तसं सांग बाबाले. माह्याकडे दे." तिनं घागर उचलली. सांगायला ती कोणाकडे जाणार होती? दुसऱ्या दिवशी मी छबूसाठी नवी जागा शोधली. मधल्या खोलीत, कापसाच्या दाराला लागून ज्वारीची कणगी होती. कणगी आणि भिंतीच्या मधे एक लेकरू मावेल एवढी फट. छबू तिथं शिरली की अजिबात दिसत नसे.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी आग लागली. सखूकाकूच्या परसात पाणी तापवायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, वारा फिरला, आणि एक ठिणगी कापसाच्या खोलीच्या खिडकीवरच्या गोणपाटात अडकली. बाबा जेवून आडवे झाले होते. त्यांना वासानंच जाग आली. थाळी वाजली आणि त्या वाजण्यातच काहीतरी वेगळं होतं, कारण बकरीसुद्धा ओढावी लागली नाही. माय पेटी घेऊन निघाली, मी दावं सोडलं, चिंचेखाली पोचले. मागं पाहिलं तर खिडकीतून पिवळट, जड धूर येत होता. गल्लीतले लोक पोती घेऊन धावत होते. बाबा खिडकीतून आकड्यानं कापूस बाहेर ओढत ओढतच ओरडले, "पुष्पी?" मी ओ दिली. "शांती? छबू?"

ओ आली नाही. आतून शांतीची हाक आली, "छबू! ये छबे!"

मला माहीत होतं छबू कुठं आहे. तिनं तोंडावर हात दाबले असतील आणि फुटाण्याची वाट पाहत असेल, हेही माहीत होतं. शांतीनं दुसरी हाक मारली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आता बोलले तर सगळे विचारतील, तुले कसं माहीत? मायनं पेटी टाकली आणि दाराकडे पळाली, सखूकाकूनं तिला कमरेला धरलं. तिसरी हाक खोकल्यात अर्धी तुटली. तीन हाका. मोजायला लागलं तर दहा-पंधरा श्वास होतील. पुढं मी नर्सचं शिक्षण घेतलं, माणसाला धुरात किती वेळ असतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं, आणि तो धडा ज्या दिवशी शिकवला त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले. चौथी हाक आलीच नाही. तेव्हा मी किंचाळले, "कणगीच्या मांगं पाह्य! शांते, कणगीच्या मांगं!"

शांती छबूला पोटाशी धरून गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. मधल्या भिंतीवरून जळता कापूस तिच्या डाव्या खांद्यावर पडला होता. फ्रॉक चिकटला होता, एका बाजूचे केस गेले होते. छबूला खोकला सोडून काही झालं नव्हतं. मायनं तिला हिसकून घेतली तेव्हा ती कार्टी रडता रडता टाळ्या पिटत होती, "सांती आली, लप! सांती आली, लप!"

बाबा काळवंडलेल्या तोंडानं जवळ आले. "हे कोनं शिकवलं इले?" त्यांनी विचारलं. शांतीनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? मी बकरीच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग ती म्हणाली, "म्या शिकवलं, मावसा. खेळ होता."

बाबांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाले, "थाळीचा खेळ केला तू? लेकरू मेलं असतं." आणि पाठ फिरवून आगीकडे गेले.

ओढून काढलेला कापूस अंगणात पसरला होता. तीन दिवस तो धुमसत होता. वरून पांढरा, हात घातला की आत लाल. बाबा आणि माय पाळीपाळीनं तो उलटत, पाणी मारत. शांती ओसरीवर पालथी पडून असायची, खांद्याला दवाखान्यातलं मलम, माय तासातासाला वारा घालायची. मला छबू मिळाली होती. दिवसभर माझ्या कडेवर. ती शांतीकडे हात करून रडायची आणि मी तिला घेऊन फाटकाबाहेर जायची. जे पाहिजे होतं ते मिळालं तर माणसाला बरं वाटायला हवं ना? आणि खरं सांगू, तेव्हाही मला शांतीचा राग येत होता. तिनं आळ अंगावर घेतला, म्हणजे चांगुलपणातही ती माझ्या पुढं गेली, असं मला वाटत होतं. तिच्या भाजलेल्या खांद्याला माय फुंकर घालायची, त्याचाही मला हेवा वाटला. असं लिहिताना लाज वाटते, पण वाटला.

बाबांचं एकच म्हणणं होतं. ज्या घरात थाळीचा खेळ होतो त्या घरात उद्या कोणी मरेल. ही पोरगी इथं ठेवायची नाही. माय रडली, भांडली, दोन वेळ जेवली नाही. बाबा हलले नाहीत. जिनातल्या त्या आगीत त्यांच्या शेजारचा माणूस कसा गेला, हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा ते हयात नव्हते. चौथ्या दिवशी अमडापूरहून शांतीचा काका आला. त्याला घरात काम करायला दोन हात हवेच होते. तो ओसरीवर चहा पीत असताना मायनं मला हाताला धरून न्हाणीमागं नेलं.

"इकडे पाह्य," ती म्हणाली. "कणगीचं तुले कसं माहीत होतं?"

"अंदाजानं म्हटलं."

"शांतीले खोटं बोलता येत नाही, पुष्पे. ते माह्या बहिणीची आहे, मले समजते. हे तिनं नाही केलं. तू सांग, मी तुले बोट लावणार नाही. तुह्या बाबालेही काही बोलू देणार नाही. फक्त तिचा काका तिले घेऊन जाईन, त्याच्या आत सांग."

मी मायच्या डोळ्यांत पाहिलं. तिचा माझ्यापेक्षा शांतीवर जास्त विश्वास होता. मी तोंडानं बोललेलं खोटं, आणि शांतीनं तोंडानं बोललेलंही खोटं, पण तिचं खोटं मायला ओळखता येत होतं, कारण ती चांगली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मले काय माहीत? तिलेच इचार." मायनं माझा हात सोडला. त्यानंतर तिनं हा विषय मरेपर्यंत काढला नाही. शांती काकाच्या मागं बसथांब्याकडे गेली तेव्हा माय फाटकापर्यंत गेली. मी छबूला घेऊन आत बसले होते. छबू खिडकीतून "सांती, सांती" करत होती. मी तिला गप्प केलं नाही, आणि हाकही मारली नाही.

काकानं शांतीचं दोन वर्षांत गावातच लग्न लावून दिलं. शाळा सुटली ती सुटलीच. मी शिकले, नर्स झाले, चिखलीला घर बांधलं. लग्नाकार्यात भेटी व्हायच्या, ती माझ्या लेकरांना मायेनं जवळ घ्यायची आणि मी काहीतरी काम काढून उठायची. छबू आता शाळेतून निवृत्त व्हायला आली. तिला यातलं काही आठवत नाही. हे छापून आलं की तिला कळेल.

त्याआधी शांतीला कळावं म्हणून गेल्या महिन्यात मी अमडापूरला गेले. तिचा मुलगा शेतात गेला होता. आम्ही दोघी दारात खाटेवर बसलो आणि मी इथपर्यंतचे कागद तिला वाचून दाखवले, फक्त न्हाणीमागचं सोडून. ते वाचायला जीभ वळेना. ती ऐकत शेंगा फोडत होती. शेवटी मी विचारलं, "तू काऊन घेतलं वं अंगावर? मोठेपणा म्हणून?"

"कायचा मोठेपणा?" ती म्हणाली. "तुहा इतका राग आला होता की वाटलं तुलेच कणगीमांगं कोंबावं. पण म्या तुहं नाव घेतलं असतं, अन् मावशीनं मले खोटं पाडलं असतं त? तू तिची पोटची. ते मले पाहवलं नसतं. त्याच्यापेक्षा न बोलता गेली. जाताना मनात राह्यलं, का मी बोलली असती त मावशीनं मानलं असतं. तेवढ्यावर बरेच दिवस काढले." तिनं टरफलं झाडली. "मानलं असतं का, पुष्पे? तुले काय वाटते?"

मग मी तिला न्हाणीमागचं सांगितलं. मायनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं.

"इतकी वर्सं तू हे ठेवलं? मावशी गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होती. तेव्हाही नाही सांगितलं?"

"नाही."

"काऊन?"

"कारण मायचा तो भरोसा तुहा होता, माहा नाही," मी म्हटलं.

तिनं मला मारायला हवं होतं. ती सरकून जवळ आली, एवढंच. "काय म्हणली मावशी? तिच्या शब्दात सांग."

मी सांगितलं, "शांतीले खोटं बोलता येत नाही. ते माह्या बहिणीची आहे, मले समजते. हे तिनं नाही केलं."

"अजून एक डाव सांग."

मी सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा म्हणाली, "अजून एक डाव." तिसऱ्यांदा सांगतानाही मला तिचा हेवा वाटला, पण मायचा एक शब्द मी गाळला नाही.